दोन डिस्कचा एक चित्रपट : रिळापासून हार्ड डिस्कपर्यंत

आजचा विषय ऐकल्यावर काहींना वाटलं असेल की हे इतिहासाचं व्याख्यान आहे की कॉम्प्युटरच्या दुकानातलं. पण विषय इतिहासाचाच आहे. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी अशी एक हार्ड डिस्क आहे, की जिच्यात जुन्या सीडी-डीव्हीडी उतरवून ठेवल्यात? बरेच हात वर आले. आता त्यातल्या एखाद्या चित्रपटाचं फोल्डर डोळ्यांसमोर आणा. आत दोन फायली असतात, एकीच्या नावाच्या शेवटी ‘सीडी१’ आणि दुसरीच्या शेवटी ‘सीडी२’. गंमत म्हणजे पुष्कळदा हा चित्रपट मुळात एकाच डीव्हीडीवर मिळायचा. मग त्याचे दोन तुकडे कुणी केले, आणि नेमके त्याच जागी का? एवढ्या एका प्रश्नाचा माग काढायचा आहे.

सुरुवात रिळापासून करू. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी असतात. बोलपट सेकंदाला चोवीस चौकटींनी चालतो, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. तीन तासांचा हिंदी चित्रपट घेतला तर सोळा हजार फुटांच्या वर फिल्म झाली. ही रिळं पत्र्याच्या पेट्यांतून एसटीने, रेल्वेने गावोगाव फिरायची. टॉकीजमध्ये दोन प्रोजेक्टर असत. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक गोल ठिपका दिसे. तो ऑपरेटरसाठी होता, दुसरा प्रोजेक्टर सुरू करायला. प्रेक्षकाला जोड कळायचा नाही, निदान कळू नये अशी अपेक्षा असे. जत्रेतल्या तंबूत जिथे एकच प्रोजेक्टर, तिथे रीळ बदलेपर्यंत अंधार आणि शिट्ट्या.

म्हणजे चित्रपट पहिल्यापासूनच तुकड्यांत होता. पण हे तुकडे दोन प्रकारचे होते, आणि हा फरक आपल्याला शेवटपर्यंत लागणार आहे. एक तुकडा गोष्टीने केलेला, म्हणजे मध्यंतर. पटकथा लिहितानाच आपल्याकडे मध्यंतर कुठे येणार हे ठरवतात. ‘संगम’ आणि ‘मेरा नाम जोकर’ या राज कपूरच्या चित्रपटांना तर दोन-दोन मध्यंतरं होती. दुसरा तुकडा वस्तूने केलेला, म्हणजे रिळाची लांबी संपली म्हणून. नायक बोलतोय की गातोय, याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही.

मराठी माणसाला हे नवीन वाटू नये. पोथी आठवा. पोथीची पानं सुटी असतात, शिवलेली नसतात. ओवी एका पानावर सुरू होते आणि दुसऱ्या पानावर संपते, कारण पान तिथे संपलं. अध्याय हा ग्रंथाचा तुकडा आणि पान हा कागदाचा तुकडा. पोथी लिहिणारा काय करायचा? पानाच्या समासात आकडा घालायचा, आणि पुष्कळ पोथ्यांत आकड्याशेजारी ग्रंथाचं नाव थोडक्यात लिहायचा. कापडाचं बासन सुटलं, चार पोथ्यांची पानं एकमेकांत मिसळली, तरी एखादं पान हातात घेऊन ते कुठलं आणि कितवं हे सांगता यायचं. फायलीला नाव देण्याचं सगळं शास्त्र या समासात येऊन जातं. मी पुढे जे काही सांगणार आहे ते त्यापेक्षा फार वेगळं नाही.

आता थेट घरात येऊ. व्हिडिओ कॅसेटवर फार वेळ घालवत नाही. ती लांब होती, चित्रपट एका कॅसेटमध्ये मावायचा, त्यामुळे आपला प्रश्न तिथे फारसा उद्भवत नाही. प्रश्न उद्भवतो व्हीसीडीमध्ये. १९९३ मध्ये फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी मिळून तिचं मानक ठरवलं. गाण्यांची जी सीडी होती, तिच्यावरच चित्र बसवायचं. सीडीवर ७४ मिनिटांचं गाणं मावतं, तर चित्रही ७४ मिनिटांचंच, आणि तेसुद्धा ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. अमेरिकेत व्हीसीडी कधी रुजलीच नाही. ती रुजली चीनमध्ये, आग्नेय आशियात आणि आपल्याकडे. १६० मिनिटांचा हिंदी चित्रपट घ्या. ७४ दुणे १४८, म्हणजे दोन डिस्कवर बारा मिनिटं उरतात. त्या बारा मिनिटांसाठी तिसरी डिस्क. पुढे ऐंशी मिनिटांच्या सीडी वापरल्या तेव्हा तोच चित्रपट बरोबर दोनांत बसू लागला. तीन डिस्कचा चित्रपट आणि दोन डिस्कचा चित्रपट यांत कलेचा काही फरक नाही, सहा-सहा मिनिटांचा आहे!

पहिल्या डिस्कचा शेवट मध्यंतरावर यावा असं वाटतं ना? कधी यायचा, कधी नाही. सर्वांत वाईट अवस्था नाटकांची झाली. मराठी घरांत व्हीसीडीच्या काळात नाटकांचे संच भरपूर आले. तीन अंकी नाटक दोन डिस्कवर घालायचं म्हटलं, की दुसऱ्या अंकाच्या पोटात कुठेतरी सुरी चालवावी लागते. नाटककाराने पडदा कुठे पाडायचा यावर महिनोन्महिने विचार केलेला, आणि इथे पडदा पाडतंय कोण, तर सीडीचा कारखाना. (हशा)

हसू नका, कारण याच्या मागे एक गंभीर गोष्ट आहे. डेटा ठेवायच्या साध्या सीडीच्या प्रत्येक कप्प्यात २०४८ बाइट माहिती असते, आणि उरलेली बरीच जागा चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेली असते. व्हीसीडीवर जास्त चित्र बसावं म्हणून चित्राच्या कप्प्यात ती राखीव जागासुद्धा वापरली गेली, २३२४ बाइटपर्यंत. हिशेब असा, की एखाद-दुसरा बाइट बिघडला तर चित्रात एक चौकोन हलेल, बिघडतंय काय. पण त्याचा अर्थ व्हीसीडीला चुका सुधारायची शेवटची फळीच नाही. ओरखडा पडला की कॉम्प्युटर ती फाइल कॉपी करताना अडतो. आणि मराठीतली कितीतरी नाटकं, कितीतरी कार्यक्रम घराघरांत फक्त व्हीसीडीवर आहेत. त्यांची डीव्हीडी निघाली नाही, इंटरनेटवर ती आली असतील तर कुणाच्या तरी व्हीसीडीवरूनच. तुमच्या कपाटातली डिस्क दोन ही उरलेल्या मोजक्या चांगल्या प्रतींपैकी एक असू शकते.

डीव्हीडी जपानमध्ये १९९६ च्या नोव्हेंबरात आणि अमेरिकेत १९९७ च्या मार्चमध्ये विक्रीला आली. आपल्याकडे ती खऱ्या अर्थाने स्वस्त झाली ती मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी द्यायला सुरुवात केली तेव्हा. एका थराची डीव्हीडी ४.७ जीबीची, दोन थरांची ८.५ जीबीची. आता वाटेल, संपला प्रश्न, एवढ्या जागेत कुठलाही चित्रपट मावेल. मावतो, पण किती दाबून, हा खरा मुद्दा आहे.

सुरुवातीच्या काळात दोन थरांच्या डिस्क सर्रास नव्हत्या, म्हणून काही चित्रपट दोन्ही बाजूंनी छापले. मार्टिन स्कोर्सेसीचा ‘गुडफेलाज’ पहिल्यांदा डीव्हीडीवर आला तो असा. मध्येच उठायचं, डिस्क काढायची, भाकरीसारखी उलटायची आणि पुन्हा घालायची. पुढे दोन थर आले आणि उलटणं थांबलं. पण फार लांब चित्रपटांचं काय? ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या भागाची वाढीव आवृत्ती २००२ च्या नोव्हेंबरात आली, २०८ मिनिटांची. हिशेब करून पाहा. ८.५ जीबी जागा २०८ मिनिटांत वाटली, तर सेकंदाला साधारण साडेपाच मेगाबिट मिळतात, आणि त्यातच चित्र, अनेक प्रकारचे ध्वनी, वर दिग्दर्शक-नट-तंत्रज्ञ यांच्या भाष्याचे चार वेगवेगळे ट्रॅक. डीव्हीडी याच्या जवळजवळ दुप्पट वेग पेलू शकते. म्हणून त्यांनी चित्रपट दोन डिस्कवर घातला आणि चित्राला मोकळा श्वास दिला. आणि तोडला कुठे? एलरॉन्डच्या दरबारातली सभा संपते, नऊ जणांची टोळी ठरते, तिथे. म्हणजे गोष्टीच्या सांध्यावरच. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ची २००१ ची डीव्हीडीसुद्धा दोन डिस्कवर होती. तिथे तर मूळ १९६२ च्या चित्रपटातच मध्यंतर होतं, त्याचा फायदा घेतला. हे काम जाणकाराने केलंय की यंत्राने, ते जोडाच्या जागेवरून लगेच ओळखू येतं.

मग सुरुवातीचे ते ‘सीडी१’ आणि ‘सीडी२’ कुठून आले? ते डीव्हीडीचे नव्हतेच. १९९९ मध्ये दोन गोष्टी झाल्या. डीव्हीडीवरचं कुलूप, म्हणजे सांकेतिक लेखन, उघडणारा एक छोटा प्रोग्रॅम बाहेर पडला. त्यापायी योन लेक योहानसन या नॉर्वेच्या तरुणावर खटला झाला, आणि २००३ मध्ये तो दोनदा निर्दोष सुटला, आधी खालच्या कोर्टात, मग अपिलात. दुसरं म्हणजे डिव्हएक्स नावाची चित्र दाबून लहान करण्याची पद्धत पसरली. आता आठ जीबीचा चित्रपट दीड जीबीत येऊ लागला. पण ठेवायचा कशावर? घरात कोरी डीव्हीडी लिहायचं यंत्र तेव्हा महाग. स्वस्त काय, तर ७०० एमबीची कोरी सीडी. म्हणून फाइल कापली. सातशे-सातशेचे दोन तुकडे, नाव ‘सीडी१’, ‘सीडी२’. कापायची जागा गोष्टीने ठरवली नाही, मध्यंतराने नाही, मूळ डीव्हीडीनेही नाही. ती ठरवली स्टेशनबाहेर मिळणाऱ्या कोऱ्या सीडीने. ती सीडी केव्हाच भंगारात गेली. तिचा आकार मात्र तुमच्या चार टीबीच्या हार्ड डिस्कवर अजून बसून आहे.

कायद्याबद्दल एक वाक्य, नाहीतर शेवटी कुणीतरी विचारेलच. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात खासगी वापरासाठी सवलत आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीने हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडणं हा गुन्हा ठरवला आहे. मी आज बोलतोय ते स्वतः विकत घेतलेल्या डिस्क स्वतःच्या घरी जपण्याबद्दल.

हे तुकडे घरोघरी साठल्यावर ते जोडून दाखवणारी सॉफ्टवेअरं आली. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रासाठी काही हौशी मंडळींनी एक प्लेअर लिहायला घेतला. तोच पुढे एक्सबीएमसी झाला आणि २०१४ पासून कोडी. त्याच झाडाची एक फांदी म्हणजे प्लेक्स. यांनी एक फार साधी गोष्ट केली. नाव सारखं आणि शेवटी ‘सीडी१, सीडी२’, ‘पार्ट१, पार्ट२’ किंवा ‘डिस्क१, डिस्क२’ असं दिसलं, की त्या फायली एकावर एक रचायच्या, यादीत एकच पोस्टर दाखवायचं आणि एक संपली की दुसरी आपोआप लावायची. टॉकीजमधला ऑपरेटर, कोपऱ्यातला ठिपका पाहून दुसरा प्रोजेक्टर सुरू करणारा, तो इथे परत आला. फक्त त्याला ठिपक्याऐवजी फायलीचं नाव लागतं. नावात एक जागा कमी-जास्त झाली, की तो तुम्हाला एका चित्रपटाचे दोन चित्रपट करून दाखवतो.

ग्रंथपालांना यात काहीच नवल नाही. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड आहेत म्हणून कुणी तेवीस ग्रंथ मानत नाही. नोंद एक, खंड तेवीस.

पण खरी गुंतागुंत इथे सुरू होते, आणि यावर जरा थांबतो, कारण बहुतेक घरगुती संग्रह इथेच बिघडतात. ‘डिस्क दोन’ या शब्दाचे तीन वेगळे अर्थ आहेत. एक, चित्रपटाचा उत्तरार्ध. दोन, पुरवणी, म्हणजे चित्रीकरणाच्या हकिगती, मुलाखती, गाळलेले प्रसंग. तीन, त्याच चित्रपटाची दुसरी आवृत्ती, टॉकीजमधली आणि वाढीव. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या त्या चार डिस्कच्या संचात पहिल्या दोन चित्रपटाच्या आहेत आणि शेवटच्या दोन पुरवणीच्या. चारींना एकापाठोपाठ आकडे दिलेत की सॉफ्टवेअर चारी रचतं, आणि चित्रपट संपल्यावर पाठोपाठ तलवारी कशा घडवल्या त्याची माहिती सुरू होते. वाढीव आवृत्तीला ‘पार्ट२’ म्हटलंत, तर सबंध चित्रपट संपल्यावर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

म्हणून डिस्क उतरवायच्या आधी ती शेवटपर्यंत एकदा पाहायची, आणि मग नाव द्यायचं. उत्तरार्ध असेल तर त्याच फोल्डरात, त्याच नावाने, भागाचा आकडा घालून. पुरवणी असेल तर आत वेगळ्या उपफोल्डरात. आवृत्ती असेल तर नावात आवृत्ती लिहून. चित्रपटाच्या नावापुढे साल लिहायचंच, कारण एकाच नावाचे दोन-दोन, तीन-तीन ‘देवदास’ आहेत. आणि दहापेक्षा जास्त तुकडे असतील, एखादी मालिका असेल, तर एक नव्हे, शून्य-एक लिहायचं. नाहीतर कॉम्प्युटर एकानंतर दहा लावतो आणि मग दोन.

दोन तुकडे शिवून एकच फाइल करावी का? एमकेव्ही या प्रकारच्या फायलीत ते पुन्हा न दाबता, म्हणजे चित्राची प्रत न घसरवता, करता येतं. माझं मत असं की पाहण्यासाठी जरूर शिवा, पण आधी तीन गोष्टी तपासा. दोन्ही डिस्कवर ध्वनीचे ट्रॅक त्याच क्रमाने आहेत का, नाहीतर पूर्वार्ध संवादासकट आणि उत्तरार्ध दिग्दर्शकाच्या भाष्यासकट अशी मौज होते. दुसरं, उपशीर्षकं वेगळ्या फायलीत असतील तर दुसऱ्या भागाची वेळ शून्यापासून मोजलेली असते. तिच्यात पहिल्या भागाची लांबी मिळवावी लागते. आणि तिसरं, जोड शिवल्यावर तिथे दोन मिनिटं डोळ्यांनी बघा. पुष्कळदा पहिल्या डिस्कच्या शेवटी ‘पुढची डिस्क घाला’ अशी पाटी असते, किंवा दुसरीच्या सुरुवातीला कंपनीचं बोधचिन्ह.

शिवलेली फाइल झाली म्हणून मूळ डिस्कची जशीच्या तशी प्रत पुसू नका, एवढा आग्रह मात्र मी धरेन. डीव्हीडीच्या आत चित्रपट एक-एक जीबीच्या तुकड्यांत असतो, आणि हे तुकडे कुठल्या क्रमाने, कुठल्या मेनूतून लावायचे याच्या सूचना वेगळ्या छोट्या फायलींत असतात. मेनूवरचं चित्र, कुठल्या प्रसंगाला प्रकरण म्हटलंय, कुठल्या भाषांत उपशीर्षकं दिली, हे सगळं त्या काळात चित्रपट कसा विकला जात होता याचं साधन आहे. शिवलेल्या फाइलमध्ये ते बहुतेक गळून पडतं.

तुकडा हरवला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या अगदी जवळ, पुण्यात आहे. ‘राजा हरिश्चंद्र’, १९१३, दादासाहेब फाळके. ३ मे रोजी गिरगावात कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला. चार रिळांचा चित्रपट, सुमारे ३७०० फूट. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ ची, आणि तिथे पी. के. नायर यांच्या धडपडीने आज त्याची दोन रिळं आहेत, पहिलं आणि शेवटचं. मधली दोन नाहीत. जी आहेत तीही १९१३ ची नसून फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, असं काही अभ्यासक म्हणतात. आपण आत्ता घरगुती संग्रहाबद्दल बोललो ते दोन्ही प्रश्न इथे आहेत. कितवा भाग, आणि कुठली आवृत्ती.

आणि फाळक्यांइतकं लांब कशाला जा. लग्नाच्या सीडी काढा. साखरपुडा आणि हळद पहिल्या डिस्कवर, लग्न दुसरीवर, स्वागतसमारंभ तिसरीवर. या कारखान्यात छापलेल्या डिस्क नव्हेत, फोटोग्राफरने कॉम्प्युटरवर लिहिलेल्या. छापलेल्या डिस्कमध्ये खड्डे असतात, लिहिलेल्या डिस्कमध्ये रंगाचा थर असतो आणि तो उजेडाने, उष्णतेने विटतो. त्यातल्या आजी-आजोबांचा चालता-बोलता आवाज दुसरीकडे कुठेही नसतो. मला कुणी विचारलं की कुठून सुरुवात करू, तर मी ‘शोले’पासून म्हणणार नाही. ‘शोले’ला काही होत नाही.

श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे : ‘नाटकाच्या संचातली दुसरी डिस्क हरवली आहे. पहिली ठेवावी का?’

जरूर ठेवा, आणि नावात स्पष्ट लिहा, ‘भाग १, दोनांपैकी’. नुसतं नाटकाचं नाव दिलंत तर दहा वर्षांनी नातवाला ते नाटक तेवढंच वाटेल. मग नातेवाइकांत विचारा, परदेशातल्यांनाही. अमेरिकेला जाणाऱ्या सामानात लोणच्याबरोबर नाटकांचे संच गेलेले आहेत. फक्त प्रत मिळाली की एक तपासा. एकाच नाटकाची भारतातली डिस्क आणि अमेरिकेसाठी काढलेली डिस्क यांची चित्रपद्धती वेगळी असू शकते, इथली सेकंदाला पंचवीस चौकटींची, तिथली जवळजवळ तीस. चित्रपटांत तर याने लांबीही बदलते. चोवीस चौकटींची फिल्म पंचवीसने चालवली की तीन तासांचा चित्रपट १७३ मिनिटांत संपतो. अशा दोन अर्ध्या डिस्क एका फाइलमध्ये शिवायला जाऊ नका. दोन भाग वेगळेच ठेवा, शेजारी एक साधी मजकुराची फाइल ठेवा, आणि तिच्यात लिहा की पहिला भाग कुणाकडचा, दुसरा कुणाकडचा, आणि कधी उतरवला.